हँडबिलात लिहिले ते दुकानात मिळाले पाहिजे

रमजानचा महिना जवळ आला की आमच्या बाजारपेठेतील प्रिंटिंग प्रेससमोर दुकानदारांची गर्दी होते. कापडवाला, चप्पलवाला, अत्तरवाला, टेलर, प्रत्येकाला हँडबिल हवे असते आणि तेही उद्या सकाळपर्यंत. प्रेसवाला मजकूर मागतो. दुकानदार खिशातून गेल्या वर्षीचेच हँडबिल काढून देतो आणि म्हणतो, "हेच टाका, फक्त साल बदला." अशा रीतीने दोन-तीन हजार कागद छापले जातात, वाटले जातात, आणि तिसऱ्या दिवशी भजीच्या गाडीवर तेल टिपावयास लागतात. मग दुकानदार म्हणतो की जाहिरातीचा काही उपयोग नसतो, नशिबात असेल तेच मिळते. नशिबाचे आम्ही नाकारीत नाही. परंतु ज्या कागदावर आपण हजारो रुपये खर्च करतो त्यावर अर्धा तास विचार करावयाचा नाही आणि दोष मात्र नशिबाला द्यावयाचा, हा कुठला इन्साफ?

आम्ही कापडाच्या धंद्यात तीस वर्षांहून अधिक काळ आहोत. मराठवाड्यातील तालुक्याच्या गावी आमचे दुकान आहे. चादरी, टॉवेल, पलंगपोस, शर्ट-सूटचे कापड, साड्या असा माल आम्ही सोलापूर, इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी आणि पानिपतहून आणतो. या काळात हँडबिले पुष्कळ छापली आणि त्यांत चुकाही पुष्कळ केल्या. त्या चुका आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांनी पुन्हा पैसे घालवून शिकू नयेत, म्हणून येथे लिहीत आहोत.

आमचे पहिले हँडबिल १९९४ साली निघाले. ते अर्थातच उर्दूत होते. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले, घरची जबान तीच, तेव्हा दुसरी भाषा मनात आलीच नाही. कॉम्प्युटरवरची उर्दू तेव्हा आमच्या गावापर्यंत पोहोचली नव्हती. एका वयोवृद्ध कातिब साहेबांकडून किताबत करून घेतली. त्यांचे नस्तालीक इतके सुंदर होते की कागदाकडे पाहतच राहावे. मजकूरही त्याला शोभेल असा आम्ही तयार केला. वरती 'मोअज्जज हजरात' असा सलाम, मग आमच्या मरहूम आजोबांपासूनचा खानदानी तिजारतीचा इतिहास, मग दुकानाचे नाव सगळ्यात मोठ्या अक्षरात. काय माल आहे ते एका ओळीत, भाव कुठेच नाहीत. पत्ता म्हणून केवळ मोहल्ल्याचे नाव, कारण आम्हांला कोण ओळखत नाही!

दोन हजार प्रती वाटल्या. लोकांनी तारीफ पुष्कळ केली. एका साहेबांनी तर घरच्या शादीची दावतपत्रिका लिहून घ्यावयाची म्हणून कातिब साहेबांचा पत्ता विचारला. आमचा माल कोणी विचारला नाही. आज विचार करता कारण स्पष्ट दिसते. ज्यांना ते वाचता येत होते ते आमच्या मोहल्ल्यातलेच होते, त्यांना दुकान आधीच ठाऊक होते आणि ते येतच होते. ज्यांना दुकान ठाऊक नव्हते त्यांना ते वाचता येत नव्हते. कोणाला वाचता आले असते तरी पत्त्यावरून तो पोहोचला नसता. हँडबिल हे अनोळखी माणसासाठी असते, ही साधी गोष्ट आम्हांला दोन हजार कागद वाया गेल्यावर समजली.

पुढच्या वर्षी मराठीत काढले. येथे दुसरी फजिती झाली. आम्ही उर्दू मजकूरच देवनागरीत उतरविला आणि त्याला मराठी समजलो. आम्ही लिहिले 'चादर', आमच्या मनात पलंगावर अंथरावयाची चादर. आमच्या भागातला शेतकरी चादर म्हटले की अंगावर घ्यावयाची जाड सोलापुरी चादर समजतो. आम्ही लिहिले 'तकिया गिलाफ'. मराठीत तक्क्या म्हणजे टेकावयाचा लोड, तेव्हा एक गृहस्थ बैठकीच्या लोडांच्या खोळी मागावयास आले. त्याला 'उशीचा अभ्रा' म्हणतात हे आम्हांला शेजारच्या शाळेतील गुरुजींनी सांगितले. 'लिहाफ' तर कोणालाच कळले नाही, तिथे 'रजई' किंवा 'दुलई' हवे होते. 'थान' म्हणजे 'ताका', हेही त्याच दिवशी ठाऊक झाले. तेव्हापासून मराठी मजकूर आम्ही दुकानातील मराठी बोलणाऱ्या गिऱ्हाइकाला वाचून दाखवितो आणि विचारतो की यात काय मिळेल असे तुम्हांला वाटते. त्याचे उत्तर आणि आमच्या मनातले जुळले तरच कागद प्रेसमध्ये जातो.

२०२२ साली महाराष्ट्रात कायद्यात दुरुस्ती होऊन लहान दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली, तेव्हा पुष्कळ दुकानदारांनी कुरकुर केली. आम्हांला त्यात तोटा दिसला नाही. आमचे हँडबिल आता एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला उर्दू असते. उर्दू आम्ही सोडलेली नाही. मोहल्ल्यातील वडीलधारी मंडळी आणि भगिनी त्याच बाजूने वाचतात. खर्च थोडा वाढतो, पण दोन दारे असलेल्या दुकानासारखे ते होते.

आता जी गोष्ट सांगावयाची आहे ती सांगताना आम्हांला बरे वाटत नाही, परंतु तिच्यासाठीच हा लेख लिहावयास घेतला आहे.

२००९ साली लग्नसराईत आम्ही एक हँडबिल काढले. वरती मोठ्या अक्षरात '५० टक्के सूट' आणि त्याच्या पुढे मुंगीएवढ्या अक्षरात 'पर्यंत'. खाली चौकटीत 'सोलापुरी चादर फक्त १२५ रुपये'. या भावाच्या चादरी आमच्याकडे २४ होत्या. मागच्या वर्षीच्या, घडीवर रंग उडालेल्या. हँडबिले छापली होती तीन हजार. सगळा बाजार असेच करतो, तेव्हा आम्हांला त्यात काही वावगे वाटले नाही. गिऱ्हाईक एकदा दुकानात आले की १२५ ची नाही तर २२० ची घेऊन जाते, असा हिशेब. त्या २४ चादरी पहिल्या दिवशी दुपारपर्यंत संपल्या.

तिसऱ्या दिवशी एक बाई आल्या. वय पन्नाशीचे असेल. पदराच्या गाठीत आमचे हँडबिल चार घड्या घालून बांधलेले. गावाहून दोन एसटी बदलून आल्या होत्या. मुलीच्या लग्नात द्यावयास पाच चादरी हव्या होत्या. आमच्या नोकराने ठरलेले उत्तर दिले, "मावशी, त्या संपल्या, ह्या बघा." त्यांनी २२० ची चादर हातात घेतली, पोत पाहिला, किंमत विचारली आणि ठेवून दिली. म्हणाल्या, "भाऊ, कागदावर तर लिवलंय." आम्ही गल्ल्यावरून म्हणालो, "मावशी, माल असेपर्यंत असते ते." तसे हँडबिलावर कुठेही लिहिलेले नव्हते. त्यांनी वाद घातला नाही. मनातल्या मनात पाच चादरींचा आणि एसटीच्या भाड्याचा हिशेब केल्यासारखे थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग कागद गल्ल्यावर ठेवला आणि पायऱ्या उतरून गेल्या.

त्या वेळी त्यांना हाक मारून १२५ च्या भावाने पाच चादरी देता आल्या असत्या. ४७५ रुपयांचे नुकसान झाले असते. हे आम्हांला रात्री दुकान बंद करताना सुचले. बाईंचे गाव कोणते तेही विचारलेले नव्हते. त्या पुन्हा दुकानात आल्या नाहीत. त्यांच्या गावाहून आणखी कोण आले नाही याचा हिशेब तर ठेवताच येत नाही.

आपल्यापैकी प्रत्येकाने मशिदीतील बयानात तो प्रसंग ऐकलेला आहे. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या एका ढिगात हात घातला आणि बोटांना ओल लागली. व्यापारी म्हणाला, पावसाने भिजले. तेव्हा प्रेषितांनी (स.) विचारले की मग भिजलेले धान्य वर का ठेवले नाही, लोकांना दिसले असते, आणि फसविणारा आपल्यापैकी नाही असे स्पष्ट बजावले. ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. आम्ही ती शंभर वेळा ऐकली होती. पण ढीग म्हटले की आम्हांला धान्याचाच ढीग दिसत असे. '५० टक्के' वर आणि 'पर्यंत' खाली, हाही ओले धान्य खाली घालण्याचाच प्रकार आहे, हे त्या दिवसापर्यंत डोक्यात शिरले नव्हते. त्या व्यापाऱ्याने निदान धान्य भिजविले नव्हते, पावसाने भिजले होते. आमचा 'पर्यंत' आम्ही स्वतः प्रेसवाल्याला सांगून बारीक करून घेतला होता.

जे धर्माने सांगितले ते आता देशाच्या कायद्यातही आले आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर कारवाईची तरतूद आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे काढली त्यांत आमिष दाखविणाऱ्या जाहिरातींचा स्वतंत्र उल्लेख आहे. कमी भावाची वस्तू जाहीर करावयाची तर तिचा पुरेसा साठा हवा आणि साठा मर्यादित असेल तर तसे स्पष्ट सांगावे, असा त्याचा आशय आहे. आमच्यासारख्या लहान दुकानदाराच्या हँडबिलाला कोण विचारतो, असे कोणी म्हणेल. कदाचित कोणी विचारणार नाही. विचारणारे येथे नसले तरी पुढे आहेतच.

तेव्हापासून आमच्या हँडबिलात किती नग आहेत ते लिहिलेले असते. 'या भावाच्या ६० चादरी, ४ तारखेपासून, एका घरास जास्तीत जास्त ५.' आमच्या धाकट्या भावाचे म्हणणे पडले की अशाने लोक येणारच नाहीत, ६० संपल्या असतील असे समजून घरी बसतील. झाले उलटेच. पहिल्या दिवशी दुकान उघडण्यापूर्वी लोक पायरीवर बसलेले होते. आकडा दिसला की लोकांना ती गोष्ट खरी वाटते. ज्या वस्तूत दोष असेल तिथे दोषही लिहितो. 'घडीवर रंग किंचित उतरलेला' असे लिहून आम्ही माल विकला आहे आणि तो चांगल्या मालाआधी संपला आहे. गिऱ्हाइकाला दोषाचा राग नसतो, तो दोष घरी गेल्यावर सापडण्याचा राग असतो.

मालाचे नाव लिहितानाही हीच सावधगिरी हवी. कापड बाजारात अशी कित्येक नावे आहेत की ती सैल हाताने वापरली जातात. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टॉवेल या नावांची भौगोलिक मानांकनाखाली नोंद झालेली आहे. पैठणीचीही झाली आहे. दुसऱ्या गावच्या मालावर 'सोलापुरी' लिहिणे किंवा यंत्रमागावरच्या कृत्रिम रेशमी साडीला नुसते 'पैठणी' म्हणणे हे गिऱ्हाइकाशी खोटे आहेच, शिवाय ज्या विणकराची रोजी त्या नावावर चालते त्याचीही ती चोरी आहे. आपल्या समाजातील हजारो कुटुंबे मागावर जगतात. मालेगावच्या किंवा भिवंडीच्या मालाला स्वतःच्या नावाने विकावयास आपल्याला संकोच का वाटावा? पानिपतची चादर हलकी आणि स्वस्त असते, ती 'पानिपत चादर' म्हणूनच विकली जाते, आम्ही विकतो. 'शुद्ध सुती' हे दोन शब्द तर ज्याला सूत आणि पॉलिस्टर यांच्या मिश्रणाचे प्रमाण ठाऊक आहे त्यानेच लिहावेत. आम्ही व्यापाऱ्याकडून बिलावर लिहून घेतल्याशिवाय ते छापीत नाही.

आता कागदाविषयी थोडे. फार खोलात जाण्याचे कारण नाही. ए-४ आकाराचा एक रीम म्हणजे ५०० ताव, मधोमध कापले की एक हजार हँडबिले होतात. हा अर्धा आकार, म्हणजे साधारण १५ सेंटिमीटर बाय २१, पुरेसा आहे. वर्तमानपत्राच्या घडीत तो बसतो आणि एक घडी घातली की खिशातही जातो. ७० जीएसएमचा साधा मॅपलिथो कागद चालतो. चकचकीत आर्ट पेपर घेऊ नये असे आमचे मत आहे. तो वर्तमानपत्रातून घसरून पडतो, आणि त्यावर पेनने काही लिहिता येत नाही. भगिनी हँडबिलावरच पडद्याचे माप आणि सामानाची यादी लिहितात, असे हँडबिल आठ दिवस घरात टिकते. फिक्या रंगाचा कागद आणि काळी किंवा गडद निळी शाई, एवढ्याने काम होते. काळ्या पट्ट्यात पांढरी बारीक अक्षरे घालावयास डिझायनर मुलांना फार आवडते. साध्या कागदावर शाई पसरते आणि मराठीच्या मात्रा, वेलांट्या व उर्दूचे नुक्ते बुजून जातात. उर्दूला मराठीपेक्षा दोन घरे मोठे अक्षर द्यावे लागते, हेही डिझायनरला सांगावे लागते, कारण त्या बिचाऱ्याला उर्दू वाचता येत नसते.

मजकुराच्या क्रमाविषयी एवढेच की दुकानाचे नाव खाली घ्यावे. हे सांगितले की प्रत्येक दुकानदार नाराज होतो. परंतु रस्त्यात कागद हातात घेतलेल्या माणसाला आपल्या नावात रस नसतो, त्याला त्याची गरज दिसली पाहिजे. वर माल आणि भाव, मग तारीख, मग पत्ता. पत्ता मोहल्ल्याचा नव्हे, एसटी स्टँडपासून कसे यावयाचे तो. 'मशिदीच्या मागे' असे लिहिणाऱ्यांनी आपल्या गावात मशिदी किती आहेत ते एकदा मोजावे.

कारागीर बांधवांची अडचण वेगळी आहे. त्यांच्याकडे दाखवावयास माल नसतो, हुनर असतो. आमचे एक मित्र गादी भरण्याचे काम करतात, पिढीजात पिंजारी. त्यांच्या हँडबिलावर लिहिलेले असे, 'गाद्या, रजया, उशा इत्यादी सर्व प्रकारची कामे योग्य दरात केली जातील.' ह्यात एकही शब्द असा नाही की जो वाचून कोणी घरातली जुनी गादी बाहेर काढील. आम्ही त्यांना विचारले, लोक तुमच्याकडे यावयास का कचरतात? ते म्हणाले, दोन कारणे. गादी दिली तर रात्री झोपावयाचे कशावर, आणि आपला चांगला कापूस काढून दुसरा तर घालणार नाही ना. मग हँडबिलात हेच लिहिले: 'जुनी गादी सकाळी ९ वाजता नेऊ, मगरीबपूर्वी भरून घरी पोहोचवू. कापूस तुमच्यासमोर तोलून नेऊ आणि तोलून परत देऊ. पिंजताना जी घट निघेल ती पिशवीत घालून दाखवू.' मराठी बाजूला 'मगरीबपूर्वी'च्या जागी 'संध्याकाळी ६ पूर्वी' असे घातले. ५०० कागद छापले, तेही एकाच बाजूच्या चार गल्ल्यांत वाटले. त्या मोसमात त्यांना मदतीला एक मुलगा ठेवावा लागला. तोलाचा शब्द त्यांनी पाळला, म्हणून ते चालले. पाळला नसता तर त्याच हँडबिलाने त्यांना बुडविले असते, कारण लोकांच्या हातात आता लेखी पुरावा होता.

जरदोजीवाले, टेलर, कल्हईवाले, पेटी-कपाट दुरुस्त करणारे यांनीही असाच विचार करावा. गिऱ्हाइकाच्या मनातली भीती कोणती, ती शोधावी आणि तिचे उत्तर लिहावे. टेलरच्या बाबतीत ती भीती ईदच्या चाँदरातीला कपडे न मिळण्याची असते, हे आम्ही सांगावयास नको. 'या तारखेनंतर ईदचे कपडे शिवावयास घेणार नाही' अशी ओळ घालणारा टेलर आम्ही अजून पाहिलेला नाही. कोणी घातली तर आमचे कपडे त्याच्याकडे जातील.

वाटपाचाही हिशेब ठेवावा लागतो. २०२५ साली ३० मार्चला गुढीपाडवा आणि ३१ मार्चला ईद आली होती. दोन बाजार एकाच आठवड्यात. आम्ही एकच मजकूर तीन रंगांच्या कागदांवर छापला. गुलाबी कागद जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर, पिवळा वर्तमानपत्रात घालून गावठाण व नव्या वसाहतींत, आणि हिरवा आठवडी बाजारात. प्रत्येकी एक हजार. खाली एक ओळ, 'हा कागद आणल्यास बिलावर २० रुपये कमी.' कागद परत आले की खिळ्याला अडकवीत गेलो आणि ईदनंतर मोजले. हिरवे १४३, पिवळे ५८, गुलाबी २१. आम्ही इतकी वर्षे सर्वांत जास्त कागद मशिदीबाहेर वाटीत होतो! नमाजनंतर माणूस घाईत असतो, एका हातात चप्पल आणि दुसऱ्या हातात मुलाचा हात, तो कागद घेतो आणि दहा पावलांवर सोडतो. बाजारात आलेला माणूस पैसे घेऊन, खरेदीच्या इराद्याने आलेला असतो. हा आमच्या गावचा हिशेब आहे, तुमच्या गावी वेगळा निघेल. रंगाचा खर्च जवळजवळ काहीच नाही, तेव्हा प्रत्येकाने स्वतः मोजून पाहावे.

वर्तमानपत्रात घालण्यासाठी जे गठ्ठे दिले जातात ते सगळेच घरोघर जातात असे समजू नये. एकदा आमचा अर्धा गठ्ठा रद्दीच्या दुकानात जसाच्या तसा बांधलेला सापडला. आता त्या दिवशी सकाळी आम्ही चार गल्ल्यांतील ओळखीच्या घरी फोन करून विचारतो.

मशिदीबाहेर पडलेल्या त्या गुलाबी कागदांवरून आणखी एक गोष्ट. हँडबिलावर बिस्मिल्लाह, आयत, काबा शरीफ किंवा गुंबदे खिजराचे चित्र छापण्याची रीत आपल्याकडे आहे. नीयत चांगली असते, बरकतीची. पण तो कागद कुठे जातो ते पाहा. गटारात, चपलांखाली, वड्याखाली. बरकतीसाठी प्रेसमध्ये मजकूर देताना तोंडाने बिस्मिल्लाह म्हणावे, कागदावर छापू नये, असे आम्हांला वाटते. दिवाळीच्या हँडबिलावर गिऱ्हाइकाला खूष करण्यासाठी देवांची किंवा थोर पुरुषांची चित्रे टाकणाऱ्या आपल्या व्यापाऱ्यांनाही हेच सांगणे आहे. त्यांचीही श्रद्धा पायाखाली यावयास नको.

आणि आपले नाव? गेल्या काही वर्षांत बहिष्काराच्या गोष्टी वारंवार कानांवर येतात, तेव्हा काही तरुण व्यापारी हँडबिलावर मालकाचे नाव घालीत नाहीत, दुकानाचेही असे नाव ठेवतात की कशाचाच पत्ता लागू नये. त्यांची चिंता आम्ही समजू शकतो. रोजीचा प्रश्न आहे, घरी बसून उपदेश करणे सोपे असते. तरीही आम्ही आमचे पूर्ण नाव घालतो. जो नाव वाचून येणार नाही तो दुकानात येऊन नाव कळल्यावरही जाणार आहे, आणि जाताना आपल्याला फसविले असे चार ठिकाणी सांगणार आहे. जे नाव वाचून येतात ते टिकतात. हिरवे कागद घेऊन जे १४३ जण आले त्यांत बहुतेक खेड्यांतील हिंदू शेतकरी कुटुंबे होती, आणि नाव त्या कागदावर दोन्ही लिप्यांत होते.

मुले म्हणतात, अब्बा, आता कागद कशाला, व्हॉट्सअॅपवर चित्र पाठवू. पाठवावे. आमचे चिरंजीव पाठवितात, त्यावरून फोनही येतात. पण ज्याचा नंबर आपल्याकडे आहे त्यालाच ते जाते, म्हणजे पुन्हा आमच्या पहिल्या उर्दू हँडबिलाचीच गोष्ट झाली. शिवाय जुने चित्र फिरतच राहते. दोन वर्षांपूर्वीच्या भावाचे चित्र दाखवून एक गिऱ्हाईक परवाच भांडून गेले. चित्रावर तारीख सालासकट घालावी. 'ईदपर्यंत' असे लिहू नये, ईद दर वर्षी येते.

शेवटी, छापण्यापूर्वी प्रूफ हातात घेऊन त्यावरचा मोबाईल नंबर स्वतः फिरवून पाहावा. आपल्याला आपला नंबर पाठ असतो, म्हणून डोळे चुकीचाही बरोबर वाचतात. आमच्या शेजारच्या शेरवानीवाल्यांच्या हँडबिलात एक आकडा चुकला. दोन हजार कागद वाटून झाले होते. तो नंबर दुसऱ्या तालुक्यातील एका शिक्षकांचा निघाला. पंधरा दिवस त्यांना शेरवानीच्या भावाची विचारणा होत राहिली. भले गृहस्थ, त्यांनी प्रत्येकाकडून दुकानाचे नाव विचारून घेतले, खरा नंबर शोधून काढला आणि मग येईल त्याला तोच सांगत राहिले. ईदनंतर शेरवानीवाले मिठाईचा डबा घेऊन त्यांच्या घरी गेले. शिक्षकांनी डबा ठेवून घेतला आणि विचारले, "आता सांगा, भाव खरोखर काय आहे? पंधरा दिवस लोक मलाच विचारीत होते."